जोसेफ के कुठून ऐकायला सुरू करू? मदत हवी आहे
मंडळी, फ्रान्झ फर्डिनांड या स्कॉटिश रॉक बँडच्या गिटारचा तो खरखरीत नाचरा आवाज मुळात कुठला हे शोधत शोधत मी एडिनबराच्या जोसेफ के (Josef K) या बँडपर्यंत पोचलोय, नाव लेखक काफ्काच्या नायकाचं आणि बँड १९८१ मध्येच संपला, एकच अल्बम काढून! त्यातही पहिला रेकॉर्ड केलेला अल्बम फार गुळगुळीत वाटला म्हणून गुंडाळून ठेवला आणि ब्रसेल्सला जाऊन दुसरा केला, एकदम ओबडधोबड. वेडेपणा म्हणू की हिंमत, देव जाणे. तर आधी कुठला ऐकू, गुंडाळलेला की ब्रसेल्सवाला? आणि त्यांचा गिटारिस्ट माल्कम रॉस नंतर ऑरेंज ज्यूस या बँडमध्ये गेला ना, तिथलं त्याचं काय भारी आहे? गायक पॉल हेगचं सोलोपण चालेल, सांगा प्लीज.