मदत हवी आहे: निर्वासितांच्या जबाबदारीवरचा ठराव कसा लिहावा?

विधी_लातूर:
नमस्कार मंडळी. कॉलेजात अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा आहे. आमच्या गटाचा ठराव: निर्वासितांची जबाबदारी सगळ्या देशांनी वाटून घ्यावी, पण स्थलांतराचे कायदे ज्याचे त्याच्याकडेच राहावेत. सक्तीचा कोटा घातला तर भारताचा गट सही करणार नाही म्हणतोय. कलमं कशी लिहावीत?

गोदाकाठ:
माणसं घेण्याचा सक्तीचा कोटा काढाच. युरोपीय संघाने २०१५ मध्ये इटली-ग्रीसमधले १,६०,००० आश्रयार्थी सदस्य देशांत वाटायचं ठरवलं. हंगेरी आणि स्लोव्हाकिया कोर्टात गेले, २०१७ मध्ये हरले, तरी हंगेरीने एकही माणूस घेतला नाही. एकूण हलवले गेले जेमतेम ३५,०००. म्हणून २०२४ च्या नव्या करारात वाटा सक्तीचा ठेवला, पण तो कसा द्यायचा ते देशावर सोडलं: माणसं घ्या, माणशी २०,००० युरो द्या किंवा मनुष्यबळ-साधनं पुरवा. प्रत्येकाचा वाटा निम्मा लोकसंख्येवर, निम्मा जीडीपीवर. तुमचं मुख्य कलम असंच बांधा.

दुसरं, 'परत न पाठवणं' आणि 'राहायला देणं' एकाच कलमात घालू नका. बहुतेक मसुदे तिथेच पडतात. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला ढकलायचं नाही, यावर तडजोड नको. नोंदणी, सुरक्षा तपासणी, व्हिसा, नागरिकत्व हे सगळं देशाच्या कायद्याप्रमाणे, असं वेगळं कलम लिहा.

विधी_लातूर:
पण भारताने निर्वासितांच्या हक्कांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सहीच केलेली नाही ना?

पैठण_वकील:
नाही, त्याला जोडलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. त्यामुळे 'करारानुसार बंधनकारक' हे शब्द टाळा. आधार २०१८ च्या निर्वासितविषयक जागतिक संकल्पपत्राचा घ्या. ते बंधनकारक नाही आणि आमसभेत विरोधात फक्त अमेरिका आणि हंगेरी होते.

भारताचा गट १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला परदेशी नागरिकांचा नवा कायदा आणि सुप्रीम कोर्टाचा रोहिंग्यांना परत पाठवण्याबाबतचा २०२१ चा आदेश पुढे करेल. त्या आदेशातही ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवू नये असं म्हटलंय. शिवाय अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांबाबतच्या १९९६ च्या निकालात कोर्टाने राज्यघटनेच्या कलम २१ चं (जीविताच्या हक्काचं) संरक्षण परदेशी माणसालाही दिलंय. ही दोन्ही प्रकरणं तोंडपाठ ठेवा.

गोदाकाठ:
आणखी एक. 'गरजेनुसार मदत' असं मोघम लिहिलंत तर कुणी काही देणार नाही. गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीने माप ठरवून दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. म्हणून ते पाणी हक्काने मागता आलं. इथेही माप हवं: यजमान देशात लोकसंख्येच्या अमुक टक्के निर्वासित झाले की ९० दिवसांत बाकीच्यांनी आपला वाटा जाहीर करायचा. टक्का तुम्ही ठरवा, पण आकडा लिहाच.

पैसे फक्त छावणीवर खर्च करू नका. तिथल्या शाळा-दवाखान्यांवरही करा, म्हणजे गावातल्या गरिबालाही फायदा होतो आणि विरोध कमी होतो. 'पैसे फेकून हात झटकले' हा आक्षेप नक्की येईल. त्यासाठी वाट्याचा निम्म्याहून जास्त भाग रोख देता येणार नाही, अशी अट आधीच घालून ठेवा.