जुन्या पोकलेनच्या इंजिनाचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो, तातडीने मदत हवी आहे

सत्तरीकर
वीस टनांच्या वर्गातील जुनी पोकलेन घेतली आहे. तिच्या इंजिनाचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो आणि बझरही वाजतो. ऑइल, फिल्टर आणि दिव्याचा स्विच असे तिन्ही नवीन बसवले, तरी फरक पडलेला नाही. वाळपईजवळ जांभ्याचा उतार सपाट करण्याचे काम हाती असून ते पावसाआधी संपवायचे आहे. आमचे मिस्त्री ऑइल पंप बदलायला सांगतात, तर दुसरे एक जण थेट क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) उतरवा म्हणतात. पंप बदलून भागेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

फोंड्याचा फिटर
सत्तरीकरबाब, एवढ्या माहितीवर पंप बदला म्हणणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे. इंजिन कोणत्या प्रकारचे आहे, दिवा आयडलवर लागतो की रेसवरही, सकाळी थंड इंजिनाला लागतो का आणि ऑइल कोणत्या ग्रेडचे आहे, हे आधी कळवावे. मुख्य म्हणजे प्रेशर खरोखरच कमी आहे, हे आपण कशावरून ठरवले?

सत्तरीकर
दिवा लागतो म्हणजे प्रेशर कमीच असणार. इंजिन सहा सिलिंडरचे, टर्बोचे, यांत्रिक डिझेल पंपाचे आहे. मीटर नऊ हजार तास दाखवतो, पण त्यावर माझा विश्वास नाही. सकाळी दिवा लागत नाही. मशीन चांगली तापल्यावर आयडलवर आणली की लागतो आणि रेस वाढवली की विझतो. ऑइल १५डब्ल्यू-४० आहे. आता पंपाचे सांगावे.

पेडणेकर
मशीन तापल्यावर प्रेशर पडत असेल तर मेन रिलीफ व्हॉल्व्ह तपासावा आणि ऑइल कूलरच्या जाळीतली माती धुऊन काढावी. आमच्या मशीनचे बूम (पुढचा मोठा हात) याच कारणाने दुपारी संथ उचलत असे.

फोंड्याचा फिटर
पेडणेकर, आपण हायड्रॉलिकविषयी बोलत आहात. येथे प्रश्न इंजिनाच्या ऑइलचा आहे. बूमची तक्रार कोणी केलेली नाही.

सांगेकर
मी अशाच दिव्यावर २०डब्ल्यू-५० ऑइल घातले आणि दिवा गेला. जुन्या इंजिनाला जाड ऑइलच लागते, उगाच खोलात शिरू नये.

कुडचडेकर
दिवा गेला म्हणजे आजार गेला, असे होत नाही. बेअरिंगमधील फट वाढलेली असेल तर जाड ऑइलाने आकडा वर दिसतो, फट तेवढीच राहते आणि थंड इंजिन सुरू करताना टर्बोपर्यंत ऑइल पोहोचायला उशीर होतो, तो वेगळाच.

मला दुसरी शंका आहे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी मशीन उघड्यावर उभ्या राहिल्या. अशा इंजिनाच्या चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी गाळ साचतो आणि पुढे तोच ऑइल ओढणाऱ्या नळीच्या स्ट्रेनरच्या जाळीवर चढतो. ही मशीन मधल्या काळात उभी होती का, हे विकणाऱ्याला विचारावे.

सांगेकर
माझी मशीन दोन पावसाळे व्यवस्थित चालली, एवढेच मी सांगतो.

फोंड्याचा फिटर
ती चालली याचा आनंद आहे, परंतु त्या इंजिनाचे प्रेशर आपण कधी मोजले नव्हते.

सत्तरीकरबाब, नवा स्विच बसवल्याने वायर तपासली जात नाही. बहुतेक जुन्या मशीनवर स्विच बॉडीशी अर्थिंग जोडून दिवा लावतो. तसा असेल तर दिवा लागलेला असताना वायर स्विचवरून काढावी. तरीही दिवा विझला नाही, तर वायर कोठेतरी घासून बॉडीला लागलेली आहे. विझला, तर स्विचच्याच भोकात यांत्रिक गेज बसवावा. गेजचे आटे आधी जुळवून पाहावेत, कारण अमेरिकी आणि ब्रिटिश मापाचे लहान आटे सुरुवातीला सहज बसतात, पुढे अडकतात आणि ब्लॉकचे आटे खराब करतात.

इंजिन पूर्ण तापल्यावर आयडल आणि पूर्ण रेस असे दोन्ही आकडे घ्यावेत. उदाहरणार्थ, कमिन्सच्या ५.९ लिटरच्या बी मालिकेत आयडलला किमान १० आणि पूर्ण गतीला किमान ३० पीएसआय (प्रेशर मोजण्याचे एकक) अपेक्षित असते. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तिकेत पाहावा.

काढलेला फिल्टर टाकला नसेल तर तोही कापून पाहावा. त्यासाठी ग्राइंडर वापरू नये, नाहीतर ग्राइंडरचीच चूर कागदाच्या घड्यांत सापडेल आणि उगाच बेअरिंगवर संशय येईल.

सत्तरीकर
वायर काढल्यावर दिवा विझला. गेज लावला असता तापल्यावर आयडलला सहा पीएसआय आणि पूर्ण रेसला पंचविसाच्या थोडे वर असे आकडे आले. फिल्टरच्या कागदात चकाकणारे कण दिसले नाहीत. म्हणजे पंपच गेला ना? ऑइल मुळीच कमी होत नाही, उलट भरल्यानंतर पातळी मोजायच्या दांडीवर वरच्या खुणेच्याही पुढे गेले आहे, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही.

कुडचडेकर
खरी काळजी तिथेच आहे! ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल तरी उतरत आहे किंवा पाणी तरी. पाणी असते तर ऑइल बहुधा दुधाळ दिसले असते.

फोंड्याचा फिटर
सहमत आहे. फक्त मशीन सपाट जागेवर उभी करून आणि इंजिन बंद केल्यावर थोडे थांबून पातळी पुन्हा पाहावी, कारण उतारावर दांडी काहीही दाखवते. दांडीवरचे ऑइल बोटांत चोळून वास घ्यावा आणि एक थेंब कागदावर टाकून ठेवावा. डिझेल असेल तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडे दूरवर पसरते.

सत्तरीकर
सपाट जागेवरही पातळी वरच आहे आणि डिझेलचा वास स्पष्ट येतो. कागदावर कडेही आले. मग ऑइल पंप मागवू की नको?

फोंड्याचा फिटर
मागवू नये, आणि मशीन आजच थांबवावी, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. डिझेलच्या फीड पंपाचा डायफ्रॅम, इंजेक्शन पंपाचे पुढचे शाफ्ट सील आणि गळणारे नोझल या क्रमाने तपासावे. गळती थांबल्यावर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलून तापलेल्या इंजिनाचे आकडे घ्यावेत. तेव्हाही ते कमी आले तरच चेंबर उतरवून स्ट्रेनर, प्रेशर व्हॉल्व्ह आणि मेन बेअरिंग पाहावे. पंपाची पाळी त्यानंतर.

सांगेकर
नवे ऑइल भरायचेच आहे तर २०डब्ल्यू-५० भरून पाहायला काय हरकत आहे?

कुडचडेकर
हरकत अशी की ग्रेड बदलली तर नवा आकडा गळती थांबल्यामुळे वाढला की ऑइल जाड झाल्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. सत्तरीकरबाब, १५डब्ल्यू-४० च भरावे.