खजिना म्हणू नको, डबा म्हण

ग्रुप: वाड्यावरची मंडळी

अमोल: उद्या पहाटे साडेपाचला वाड्यासमोर. डोंगरावर खजिना शोधायचा आहे. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला: लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा. जागेचे आकडे घ्या: उत्तर २१ अंश २४.३५० मिनिटं, पूर्व ७८ अंश ०२.४०० मिनिटं. शोधायला अवघड २, चढायला ४. दोन्ही पाचपैकी. फुल पँट, दोन बाटल्या पाणी अन् एक पेन आणा.

पिंकी: पेन काहून?

अमोल: डब्यात वही असते. सापडला की नाव-तारीख लिहायची. नाव नाही तर सापडला असं धरत नाहीत.

बंटी: दादा, मॅप तर मोर्शीच्या पलीकडं दाखवून राह्यला 😳

अमोल: २१.२४३५० टाकलं ना? सगळे इथंच आपटतात. ती मिनिटं आहेत, अंशाचे दशांश नाहीत. २४.३५० ला ६० नं भाग, म्हणजे २१.४०५८३. तसंच ७८.०४. तू जे टाकलं ते जवळपास १८ किलोमीटर दक्षिणेला जातं. नशीब इथं बसून विचारलं, मोटारसायकल काढून नाही.

बंटी: वर नेटवर्क नसते पण.

अमोल: जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फोन उपग्रहाचा सिग्नल नुसता ऐकतो. मॅप मात्र आजच उतरवून ठेव.

पिंकी: हा खेळ काढला कोणं?

अमोल: अमेरिकेत. आधी त्यांचं सरकार जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत होतं, साध्या माणसाला शंभरेक मीटरचा फरक यायचा. मे २००० च्या सुरुवातीला त्यांचा तेव्हाचा अध्यक्ष क्लिंटननं ते बंद करायला लावलं. लगेच ३ मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनच्या जंगलात एक बादली ठेवली अन् तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, वही-पेन्सिल, एक गलोल अन् घेवड्याचा डबासुद्धा होता. काही घेतलं तर काही ठेवा, एवढाच नियम.

मोठेबाबा: अमोल, काल दिवेलागणीले बॅटरी घेऊन डोंगरावर तूच गेल्ता का?

अमोल: हो मोठेबाबा. डबा ठेवायला.

मोठेबाबा: अन् मले सकाळी पारावर तिघांनी इचारलं, पाटील, तुमचे पोट्टे रातच्याले गुप्तधन काढून राह्यले का. आता काय सांगू?

सुधाआत्या: अगंबाई! दूधवाल्यानंही मले हेच इचारलं. लिंबू-कुंकू दिसलं म्हणे वर.

अमोल: आत्या, लिंबू नाही, पिवळा टेनिस बॉल होता तो 🙏

वकीलकाका: हसण्यावारी नेऊ नका. गुप्तधनापायी आपल्या भागात लोकांनी काय काय केलं ते माहीत आहे ना? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही आहे. आणि १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो, जमिनीत लपलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा. अमोल, डब्यात किती रुपयांचा माल आहे?

अमोल: कंचे, किचेन, छोटी बॅटरी. दहाच्या वर होईल 😅 पण काका, पुरलेला नाही. या खेळात जमीन खोदायचीच नसते. खडकाच्या कपारीत ठेवला, वर दगड लावला.

मोठेबाबा: जागा कोणाची? फारेस्टवाले बांधतील तुले.

अमोल: आपल्या सातबाऱ्यातच आहे, वरच्या पडीत. मालकाला विचारल्याशिवाय ठेवत नाहीत. मालक तुम्हीच, विचारायचं राहिलं. चुकलं.

मोठेबाबा: हं. मी पारावर सांगतो. पण खजिना म्हणू नको, डबा म्हण.

सुधाआत्या: कपारीच्या वर आग्यामोहोळ आहे लेकरांनो. सेंट लावून जाऊ नका.

[दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:४०]

पिंकी: खाली आलो. पाय माहे उरले नाहीत.

सुधाआत्या: सगळे ठीक?

पिंकी: संत्र्याच्या बगीच्यापर्यंत मजा होती. पुढं कुसळं. मोज्यात, सलवारीत, बंटीच्या तर बनियनमध्ये. मंग मुरमाची घसरण, एक पाऊल वर अन् दोन खाली. शेवटी हातानं धरत चढलो. चढण ४ म्हणजे काय ते आता समजलं.

बंटी: अन् कड्याखाली फोन येडा झाला. एकदा म्हणे ८ मीटर राह्यलं, दोन पावलांत २५. सिग्नल दगडावर आपटून येतो म्हणे दादा. मंग फोन खिशात टाकला अन् नुसतं पाह्यलं, कोणता दगड आपल्या जागी नाही. वाळलेल्या शेवाळावर एका दगडाचा ताजा घासटा होता. तोच!

वकीलकाका: शाब्बास. मुद्देमाल?

पिंकी: तेच तर. बॅटरी गायब. तिच्या जागी दोन सीताफळं, पिकून फुटलेली. वहीभर मुंग्या.

अमोल: परवा संध्याकाळी डबा ठेवताना शेळ्यावाले बाबा माझ्या मागेच होते. त्यांनी पाहिलं असणार. खेळ माहीत नाही, पण नियम पाळला बिचाऱ्यांनी, घेतलं तर काही ठेवलं. फक्त खायचं ठेवायचं नसतं. माकडं येतात, अस्वलही येईल.

बंटी: सीताफळ आम्ही खाल्लं. गोड होतं.

मोठेबाबा: बाबा आत्ताच भेटले. म्हणे कोणाचा तरी डबा इसरला, उपाशी राहीन म्हणून फळं ठेवली. बॅटरी तेवढी अंधार पडला म्हणून नेली, आणून देतो म्हणे.

अमोल: राहू द्या त्यांच्याकडे. वहीत पहिलं नाव त्यांचंच लिहू, सगळ्यांच्या आधी त्यांनाच सापडला.

आजी: बाप्पा, कोणती बॅटरी? निळी? ते माही होय. रातच्याले मागच्या अंगणात मी कशी जाऊ आता?

अमोल: 🙈 आजी, आज मोर्शीहून आणतो.