सड्यावरची खरवडलेली माती : तिच्यातले बी पुन्हा रुजेल का?

सडेकर, सातारा : नमस्कार. आमच्या गावाच्या माथ्यावर कास पठारासारखाच जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार, आहे. उन्हाळ्यात गाड्या लावायला जागा हवी म्हणून एका कोपऱ्यातली माती जेसीबीने खरवडून कडेला ढीग घातला. श्रावण सरला तरी तिथे ना गेंद आला, ना सीतेची आसवे. चार पावलांवर मात्र दोन्ही दाट फुलले आहेत. काही जण बाहेरचे बी आणून फेका म्हणतात. जुने बी शिल्लक असेल का?

निवृत्त शिक्षक, वाई : असेल, पण ते त्या ढिगात आहे. गेंद आणि आसवे पावसाळा सरताना बी टाकून मरतात. मग पुढचा पाऊस पडेपर्यंत, कातळ तापून निघत असताना, ती जात केवळ बियांच्या रूपाने जगते. हे बी धुळीइतके बारीक असते आणि बहुतेक साठा वरच्या बोटभर मातीतच राहतो. असे बारीक बी बहुधा उजेड मिळाल्याशिवाय रुजत नाही, त्यामुळे ढिगाच्या पोटात गेलेले नुसते पडून राहते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ साली बाटल्यांत पुरलेल्या बियांपैकी काही २०२१ मध्ये रुजल्या. अर्थात सगळेच बी इतके चिवट नसते, म्हणून उशीर नको. बाहेरचे बी मुळीच आणू नका.

कोयनाकाठ : सरांशी सहमत. कारवीचे मात्र वेगळे आहे : तिची बोंडे पावसाच्या सरींनी तडकतात आणि बी लगेच रुजते, त्यामुळे तिचा साठा मातीत फारसा धरू नये. वायतुरा ही सड्यावरची दुसरी फुलवनस्पती, ती कंदातून फुटते. कंद गेला असेल तर ती लवकर परतणार नाही. आम्ही अशाच एका ढिगाच्या माथ्यावरची आणि तळाची माती दोन ट्रेंमध्ये पातळ पसरून ओली ठेवली होती. तीन आठवड्यांत पहिल्या ट्रेमध्ये केसासारखी रोपे दाटली, दुसऱ्यात जेमतेम पाच-सहा. आधी हे करून पाहा. मग वळवापूर्वी ढिगातली माती त्याच कातळावर बोटभर जाडीने पसरा, पण पाणी साचणाऱ्या खळग्या बुजवू नका. शेणखत तर घालूच नका : आसवे बारीक जीव पकडतात ती मातीत नत्र कमी असते म्हणून, खत पडले की गवत माजते आणि ती दबून जातात.

सडेकर, सातारा : मनापासून आभार. हीच माती रस्त्याच्या भरावाला न्यायचे ठरले होते. आज सरपंचांना सांगून ते थांबवले आहे. ट्रे उद्याच भरतो.