घोळीच्या भाजीत लोह किती? गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांना उत्तर

गंगाकाठची (परभणी)
आमच्या गावच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली. शंभर ग्रॅम घोळीत जवळपास 30 मिलिग्रॅम लोह असतं, रोज एक वाटी भाजी खा, सरकारी लाल गोळ्यांची गरज नाही, असं त्यात होतं. खाली चाळीस जणांनी हात जोडले. मी आशाचं काम करते, म्हणून गप्प बसवलं नाही.

30 चा आकडा वाळवून पूड केलेल्या घोळीचा आहे. ओल्या घोळीत 93-94 टक्के पाणी असतं. पाणी धरून हिशोब केला की शंभर ग्रॅमला साधारण 2 मिलिग्रॅम उरतात. बाईला दिवसाला 29 लागतात, म्हणजे रोज दीड किलो घोळ खावी लागेल. गरोदरपणातल्या एका लाल गोळीत 60 असतात.

हे मी चिडून लिहितेय, कारण माझ्या नणंदेनं असंच कुणाचं ऐकून सहाव्या महिन्यात गोळ्या सोडल्या. हिमोग्लोबिन 9.2 होतं, आठव्यात 7.4 वर आलं. मी डबा उघडून बघितला तर पट्ट्या तशाच, एकीची फक्त दोन घरं फुटलेली. शेवटी शिरेतून लोह द्यावं लागलं. घोळ खा, मीही खाते. पण गोळी सोडू नका.

रानवाटा_बीड
ताई, तुमच्या आकड्यांनी आमच्या आज्या खोट्या ठरत नाहीत. 72 च्या दुष्काळात आमच्या घरात दाणा नव्हता. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि घरी तरोटा, घोळ शिजायची. आजी त्यावर जगली, पुढं पाच लेकरं वाढवली. तेव्हा कुठल्या गोळ्या होत्या? गावातलं फुकटचं औषध बदनाम करायचं आणि पाकिटातलं खपवायचं, हा धंदा आता कळायलाय लोकांना.

गंगाकाठची
भाऊ, लाल गोळी फुकट असते. मी स्वतः घरोघरी देते, त्यात मला कसला धंदा? आणि तुमची आजी जगली, पण बाळंतपणात गेलेल्या तिच्या जावा-नणंदांची गोष्ट सांगायला कोण उरलं? माझी चुलत आजी तशीच गेली. तिचा फोटोसुद्धा नाही घरात.

काळीमाती
मी माती परीक्षणाच्या कामात आहे, म्हणून एक मुद्दा. ग्रुपवर आणखी एक वाक्य फिरतंय, आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर म्हणून इथली रानभाजी जास्त कसदार. मातीत लोह आहे हे खरं, पण आपली जमीन चुनखडीची. सामू (मातीचा pH) आठच्या वर गेला की ते लोह मुळांना उचलताच येत नाही. भुईमूग, सोयाबीन शेंड्याकडून पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते कशामुळं? मातीत असणं वेगळं, झाडात येणं वेगळं. त्यातून घोळ जमिनीला चिकटून पसरते. पानं नीट न धुता तपासली की धुळीतलं लोहसुद्धा आकड्यात येतं.

अण्णांचा_लेक (लातूर)
लोहावर सगळे भांडायलेत, पोटॅशियमचं कुणी बोलत नाही. शंभर ग्रॅम घोळीत ते पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. वडिलांची किडनी निकामी होत आलेली, डॉक्टरांनी पालेभाजी बेतानं सांगितलेली. पावण्यांपैकी एकानं घोळीचा रस सुरू केला, "रान औषध आहे, अपाय नाही." दहाव्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम वाढून 6.8, छातीत धडधड, रात्री दोनला गाडी करून दवाखाना. अपाय नाही म्हणणारे पावणे नंतर फिरकले नाहीत. घोळीत ऑक्सलेटही, ज्याचे मुतखडे बनतात ते, पालकासारखंच भरपूर असतं. मुतखड्यावर घोळ सांगणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

रानवाटा_बीड
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. किडनीवाल्यांनी खाऊ नये, हे मान्य. पण आमच्याकडं रस कुणी पीतच नव्हतं. आजी घोळ ताकात करायची, नाहीतर डाळ घालून पातळ. रस हे शहरातून आलेलं खूळ आहे.

काळीमाती
ताकाचं मात्र आजीचं बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागेल. ताका-दह्यातलं कॅल्शियम ऑक्सलेटला धरून ठेवतं, मग ते अंगात कमी शोषलं जातं. पहाटे तोडलेली घोळ जास्त आंबट आणि दुपारची कमी, हेही खरं. पावसानं ताण दिला की ती रात्रीतून आम्ल साठवते आणि दिवसा वापरते.

निंदणीवाली_माय
खनिजं मोजायलात ते बरंय, पण घोळ राहिली कुठं? वीस वर्षं मी रोजानं निंदायला जाते. आधी एका पाटात ओटीभर घोळ, कुंजीर, पाथरी निघायची, संध्याकाळची भाजी व्हायची. आता सोयाबीन पंधरा-वीस दिवसांचं झालं की तणनाशकाचा फवारा. आमचा रोज गेला आणि भाजीबी गेली. परवा एका बांधावर चांगली लुसलुशीत दिसली, खुडून आणली. शेजारीण म्हणाली, माय, काल पंप मारलाय तिथं. सगळी गायरीवर टाकली.

सोयाबीन_औसा
फवारा आम्हाला हौस नाही. चारशेच्या खाली बाई येत नाही, तीही चार दिवस आधी सांगून. तेवढ्यात पाऊस लागतो आणि तण गुडघ्याला येतं. दहा एकर निंदून दाखवा, मग बोला.

निंदणीवाली_माय
चारशे डोळ्यात खुपायले का भाऊ? सकाळी नऊपासून कंबर वाकवून बसते मी. औषधाच्या बाटलीला घासाघीस करत नाहीत तुम्ही, आमच्याशीच करता.

सोयाबीन_औसा
मावशी, तुमच्या कष्टाला मी कमी लेखलं नाही, शब्द तोंडात घालू नका. गेल्या साली काढणी आणि मळणी धरून हाती काय राहिलं ते मला माहीत. सोयाबीनला भाव नाही, त्यावर कुणी धागा काढत नाही.

काळीमाती
पिकातलं समजलं. पण बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक कशाला? 2022 ला केंद्रानं ते फक्त कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्यांकडूनच मारून घ्यायचं असं काढलं. बांधावर पीक नाही, तण आलं तर गुरं खातात. तिथली घोळ मेली की वाफ्यातली विकत घ्यायची वेळ येते.

सोयाबीन_औसा
बांधावरचं बी पिकात येतं म्हणून. सगळे मारतात, मीही मारतो.

गंगाकाठची
धागा कुठून कुठं गेला. पण मायचं बोलणं मनाला लागलं. मी घरोघरी "पालेभाजी खा" सांगत फिरते, आणि ती फवारलेल्या बांधावरची आहे का, हे आजवर एकाही घरी विचारलं नाही. आता विचारीन.

रानवाटा भाऊ, तुम्हाला एवढंच म्हणते. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाच्या आगंमागं चहा नको, म्हणजे भाजीतलं थोडं लोह तरी अंगी लागेल. पण गरोदर बाईची गोळी रोज, कॅल्शियमच्या गोळीपासून वेगळ्या वेळी. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना. काळी शी झाली तर घाबरू नका, ते लोहामुळं होतं.

रानवाटा_बीड
गोळी बंद करा असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. पण ती पोस्ट मीही दोन ग्रुपवर टाकली होती. काढली. नणंदबाई कशा आहेत?

गंगाकाठची
बऱ्या आहेत. मुलगी झाली, अडीच किलोची.

निंदणीवाली_माय
लेकीला आशीर्वाद. औशाच्या भाऊ, तुमच्या एका बांधाला पंप मारू नका या साली. मी येऊन भाजी नेते आणि बी धरायच्या आत तण काढून देते. त्याचा रोज नको.

सोयाबीन_औसा
विहिरीकडचा बांध सोडतो. रोज घ्यावा लागेल, फुकट नको. पोळ्याच्या आधी या.