बर्लिन की म्युनिक? ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपियन युनियनचा वर्क परमिट), कुटुंबासह

प्रश्न: दोन्हीकडे नोकरी मिळतेय, म्युनिकचा पगार थोडा जास्त. सोबत बायको आणि 3 वर्षांची मुलगी. कुठे जावं?

उत्तर 1: पगाराआधी भाडं बघा. म्युनिक त्यात जर्मनीत सर्वांत महाग. जाहिरातीतलं ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा धरला की ‘वार्ममीटे’; वीज बहुधा त्याहून वेगळी. डिपॉझिट जास्तीत जास्त 3 काल्टमीटे, तेही 3 हप्त्यांत देता येतं. आणि स्वयंपाकघर आहे का ते नक्की विचारा, पुष्कळदा ओटा-सिंकसुद्धा नसतं.

उत्तर 2: मुलगी लहान आहे, तर माझं मत बर्लिन. तिथे किटाला (पाळणाघर-बालवाडीला) फी नाही, जेवणाचे महिना 23 युरो फक्त. मात्र आधी गुटशाइन (किटासाठीचं सरकारी व्हाउचर) काढावं लागतं आणि जागा स्वतः शोधावी लागते. शोध लगेच सुरू करा.

उत्तर 3: शहर कुठलंही असो, राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. तात्पुरती जागा घेतानाच ते मिळेल का विचारा. नोंदणी अडली की टॅक्स आयडी लांबतो आणि पहिल्या पगारातून सहाव्या करवर्गाचा (सर्वांत जास्त कपातीचा) जबर कर कापला जाऊ शकतो. वहिनींना पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते.