उणे दहा अंशांत उष्णता येते कुठून?
घर गरम करणारा हीट पंप एका युनिट विजेतून तीन युनिट उष्णता देतो असे म्हटले, की हे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध आहे असा आक्षेप घेतला जातो. तो इथे लागू होत नाही, कारण हा पंप हीटरप्रमाणे विजेची उष्णता करत बसत नाही, तर बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो आणि वीज मुख्यतः कॉम्प्रेसर चालवण्यासाठी लागते (तीही अखेर बहुतांशी उष्णता होऊन घरातच येते). बाहेर उणे १० अंश असताना उष्णता कुठून येणार, ही शंका मात्र रास्त आहे. हल्लीच्या यंत्रांतला आर-३२ हा गॅस वातावरणाच्या दाबाला सुमारे उणे ५२ अंशांवर उकळतो; त्यामुळे दाब पुरेसा कमी ठेवला की तो त्या गारठलेल्या हवेतूनही उष्णता शोषून वाफ होतो, आणि कॉम्प्रेसरने दाबल्यावर तापलेली ती वाफ घरातल्या कॉइलमध्ये द्रवरूप होताना ती उष्णता सोडते. आपला एसी हेच काम उलट दिशेने करतो. तीनपट हा आकडा अर्थात सौम्य थंडीतला आहे. आतबाहेरच्या तापमानातला फरक वाढला की तो घसरतो, शिवाय दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर साचलेले हिम वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून दिशा उलटवावी लागते. तरीही नॉर्वे-स्वीडनमध्ये ही यंत्रे सर्रास वापरली जातात.